दुसऱ्या चुलीवरचा पॅच

३ मार्च

दादाचा फोन. "अगं, हेडफोन लावला की तुझी बाई अजूनही गप्प होते!"

माझी बाई म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज. दादाला दिसत नाही, कॉम्प्युटर तो कानांनीच चालवतो. आमच्या ओपन सोर्स सिस्टीममधला हा आवाज मी सांभाळते — नोकरीतून उरलेल्या वेळात, हौसेने. एकवीस तारखेला त्याची खात्याची परीक्षा. पास झाला तर नोकरी कायम, नाहीतर आणखी वर्षभर टांगलेला. आणि तिथे हेडफोन लावावाच लागणार!

४ मार्च

खरंच गप्प होते. कधी पाच मिनिटांनी, कधी चाळीस. ठरलेलं काही नाही, हेच सगळ्यात वाईट.

६ मार्च

मागच्या वर्षीच्या मोठ्या अपडेटचा प्रताप. आवाजाची सगळी यंत्रणा आम्ही नव्याने लिहिली होती. का? तर मिशीवाल्याच्या टोळीने त्यांची वेगळी लिहिली म्हणून! दोन वर्षांपूर्वी आम्ही अकरा जण मिळून एकच सिस्टीम बनवत होतो. मग भांडण झालं. मिशीवाल्याने पाच जणांना घेऊन वेगळी चूल मांडली. त्यातल्या दोघांनी वर्षभरात तिसरी मांडली. आता तीच दुरुस्ती तीन ठिकाणी तीनदा करायची. हेडफोनचं काम कळणारा एकच होता आमच्यात, तो या कटकटीला कंटाळून कायमचा गेला. भांडण नेमकं कशावरून झालं ते मला जुने मेल काढल्याशिवाय सांगता येणार नाही.

९ मार्च

मिशीवाल्याकडे हाच दोष नऊ महिन्यांपूर्वी दुरुस्त झालाय! त्यांच्या यादीत दिसला. उघडला नाही. आमचा नियमच आहे — त्यांचा पॅच, म्हणजे दुरुस्तीच्या कोडचा तुकडा, घ्यायचा नाही, वाचायचाही नाही. नियम मीच लिहिलाय. रागाच्या भरात, पण मीच.

दादाने त्यांची सिस्टीम घ्यावी, तर परीक्षेचा प्रोग्रॅम तिच्यावर चालत नाही. आमची जुनी आवृत्ती परीक्षावाले मानत नाहीत. मग करायचं काय?

१२ मार्च

ऑफिसात दोनदा भलतीच फाइल पाठवली. साहेब म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?" हो म्हटलं.

१४ मार्च

त्यांचा पॅच वाचला. नियम गेला खड्ड्यात!

अठरा ओळी. इतकं साधं, की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण आमच्या सिस्टीमवर बसत नाही. नऊ महिन्यांत दोन्हीकडचा कोड एकमेकांना ओळख देईनासा झालाय. हेडफोनचा भाग तेव्हा दोन्हीकडे सारखाच होता; तेव्हा घेतला असता तर जसाच्या तसा बसला असता. आता मलाच नवा लिहायला हवा. हातात सात दिवस.

१७ मार्च

सव्वा तास बोलली. मग गप्प.

१९ मार्च

अडीच तास! परीक्षा दोन तासांची. आणखी तपासायला हवं होतं, पण दादाचा परीक्षेचा लॅपटॉप न्यायला वहिनी दारात उभी. दादाला फोनवर म्हटलं, खात्री नाही रे. तो म्हणाला, "तू केलंयस ना? मग झालं." त्याच्या या विश्वासाचीच भीती वाटते.

२१ मार्च

विसाव्या मिनिटाला गप्प झाली.

वहिनीने सांगितलं. दादाने हात वर केला. पर्यवेक्षकाने मशीन बंद करून चालू केलं, तर परीक्षेचा प्रोग्रॅम दुसऱ्यांदा आत घेईना. दादा वेळ संपेपर्यंत तिथेच बसून राहिला. "उठून जाणार कुठे?" म्हणाला म्हणे.

२२ मार्च

दादा रागावला नाही. "पुढच्या वर्षी बघू गं," म्हणून हसलासुद्धा. रागावला असता तर बरं झालं असतं.

मिशीवाल्याला मेल केला. दोन वर्षांत पहिला. झालं ते सगळं लिहिलं. माफीच मागायची होती, पण शेवटी फणकारलेच — एवढा तयार होता, तर आम्हाला द्यायला काय झालं होतं तुला?

२३ मार्च

त्याचं उत्तर: "दिला होता. जूनमध्ये. तुझ्याकडेच."

शोधला. आहे. त्याखाली माझाच शेरा — "त्यांच्या घरचं नको." चार मिनिटांत परत केला होता, न उघडता. आज उघडला. शेवटच्या ओळीत, हा पॅच महिनाभर आमच्या सिस्टीमवर वापरून ज्याने तपासून दिला त्याचं नाव आहे.

दादाचं.