निळ्या पेन्सिलीचं मत

दि. ११ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

मी बरा आहे. गुडघा सोडला तर बाकी सगळं जागेवर आहे. तू पंचेचाळिशीची झालीस तरी छोटी म्हणतो म्हणून जावई हसत असतील, हसू देत. तिकडे थंडी फार पडली आहे असं बातम्यांत सांगत होते. हीटर बंद करून झोपता ना? आणि मागच्या पत्राची पोच आली नाही. पत्ता बदललेला नाही ना? बदलला असता तर तू सांगितलंच असतंस, तरी विचारून ठेवतो.

रविवारी फोन होतोच, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर मला धड बोलता येत नाही. तू ‘आणखी काय’ म्हणतेस आणि मला गॅस सिलिंडरशिवाय काही आठवत नाही. मला तुझ्या आईबद्दल एक विचारायचं आहे. तू नऊ वर्षांची असताना ती चार दिवस घरात नव्हती आणि पाचव्या दिवशी परत आली, त्याबद्दल. विचारतोच, पण आधी वाचनालयाचं सांगतो, म्हणजे हे आत्ताच कुठून निघालं ते कळेल.

मला अजून आठवड्यातून दोन दिवस बांधणीला बोलावतात. फाटकी पुस्तकं शिवायची, पुठ्ठे चढवायचे. नवीन ग्रंथपाल बाईंनी शनिवारी दुपारी ‘वाचकांची मतं’ असा कार्यक्रम सुरू केला आहे. सगळ्यांनी एकच कादंबरी वाचायची, चिठ्ठीवर मत लिहून डब्यात टाकायचं, मग बाई चिठ्ठ्या वाचतात आणि मंडळी भांडतात. खुर्च्या मांडायचं काम माझं.

सध्याची कादंबरी काळात मागे जाण्याची आहे. एक लग्न झालेली बाई कापडाच्या दुकानात नवा ड्रेस घालून बघायला पडद्यामागच्या खोलीत जाते आणि बाहेर येते ती साठ वर्षं मागे. तिथे तिला एक नकाशे काढणारा माणूस भेटतो. दोघांचं जमतं. वर्षभराने ती खोली पुन्हा उघडते. जायचं की राहायचं, असा प्रश्न येतो आणि ती परत येते. इकडे दहाच मिनिटं झालेली असतात. नवरा पिशव्या घेऊन बाहेर उभा असतो आणि म्हणतो, ‘इतका वेळ?’ तिथे पुस्तक संपतं.

मी ती वाचली. हसू नकोस. चाळीस वर्षं पुस्तकं शिवली, पण चौथीपर्यंतच्या शिक्षणाला जाड पुस्तक झेपत नाही. सात आठवडे लागले. आयुष्यात पहिल्यांदा एक कादंबरी शेवटपर्यंत वाचली आणि तीही अशी निघाली. तो नवरा कुलूप तीनदा ओढून बघतो, बायकोला यायला उशीर झाला की रस्त्यावर येऊन उभा राहतो. लिहिणाऱ्याने आपल्या घरात कधी डोकावलं, असं वाटलं मला.

शेवट कुणालाच पटलेला नाही. एका चिठ्ठीत होतं, ‘नवरा म्हणजे पिशव्या अडकवायची खुंटी, खुंटीकडे कुणी परत येतं का?’ दुसरीत होतं की नवऱ्यालाच साठ वर्षं मागे पाठवून पडदा ओढून घ्यायला हवा होता. दातांचे डॉक्टर येतात, ते म्हणाले की तिकडे राहिली असती आणि दाढ दुखली असती म्हणजे प्रेम कळलं असतं, तेव्हा धड भूलही देत नव्हते. सगळे हसले. मीही हसलो, मागे उभा राहून.

मग एक बाई उठल्या. टेलिफोन ऑपरेटर होत्या, आता निवृत्त आहेत. त्या म्हणाल्या, वीस वर्षांपूर्वी आपल्याकडे या कादंबरीची जुनी प्रत होती, तिच्या समासात याहून चांगली चर्चा चालायची. त्या काळ्या पेन्सिलीने लिहायच्या आणि दुसरं कुणीतरी निळ्या पेन्सिलीने उत्तर द्यायचं. कोण ते कधी कळलं नाही. नकाशेवाल्याच्या डोळ्यांचं पानभर वर्णन आहे, तिथे निळ्या पेन्सिलीने लिहिलं होतं, ‘असले डोळे पुस्तकात. घरातल्यांना चष्मा.’ शेवटच्या पानावर तर असं काही होतं की त्यांना दोन दिवस चैन पडलं नाही. उत्तर लिहायचं म्हणून त्यांनी पुस्तक पुन्हा नेलं, तर सगळं साफ. कुणा मूर्खाने एकूण एक पान खोडून ठेवलं होतं.

छोटे, तो मूर्ख मी. वर्षातून एकदा प्रत्येक कपाट माझ्याकडे यायचं आणि पुस्तकातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडायचं काम माझं होतं. वाचत बसलो असतो तर दिवसाला दोन पुस्तकंही झाली नसती, म्हणून मी न वाचता खोडायचो. आणि निळ्या पेन्सिली कुणाच्या? पुठ्ठा आखायच्या, टोकं उरली की मी घरी आणायचो. स्वयंपाकघराच्या खिडकीत कपात ठेवलेल्या असायच्या, आठवतं? चष्म्याचं वाक्य ऐकल्याबरोबर मी ओळखलं. ते तुझ्या आईशिवाय दुसरं कुणी बोलणार नाही.

आता विचारतो. बाकीचे सगळे म्हणतात की बाई परत का आली ते कळत नाही. तुझ्या आईने त्याच पानावर काहीतरी लिहिलं होतं. तीही एकदा गेली होती आणि परत आली होती. का आली, ते मी तिला पुढच्या तेहेतीस वर्षांत, ती वारेपर्यंत, एकदाही विचारलं नाही. आली त्या दुपारी फक्त म्हणालो, ‘किल्ली होती ना जवळ?’ तुला कधी काही बोलली का ती? ते चार दिवस तुला आठवतात का? मी तेव्हा घाबरलो होतो. तुला काही वेडंवाकडं बोललो असेन. ते असो.

दुधाची पिशवी उघडल्यावर वास घेऊन बघत जा.

तुझ्या उत्तराची वाट बघणारे,
बाबा

दि. २४ फेब्रुवारी

चि. छोटीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, ‘बाबा, मला त्यातलं काही आठवत नाही, आणि तुम्हीही जुनं उकरू नका.’ मग लगेच कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवलास. मला शिट्टी ऐकू आली नाही. कान कमी झालेत, तेही असेल.

मी शुक्रवारी ऑपरेटर बाईंकडे जाऊन आलो. दोन जिने चढलो, गुडघ्याने नंतर जाब विचारला. म्हटलं, तो मूर्ख मीच. आणि निळी पेन्सिल माझ्या बायकोची. त्यांनी मला आत बसवलं. मग म्हणाल्या, ‘मला वाटायचं कुणी चिडका नवरा असेल.’ मी म्हटलं, नवरा मीच, पण चिडून नाही खोडलं, पगारावर खोडलं. तेव्हा हसल्या आणि चहा ठेवला.

शेवटच्या पानावरचे शब्द त्यांना आठवत नाहीत, एवढंच आठवतं की दोनच छोटी वाक्यं होती. बाकीचं मात्र पुष्कळ सांगितलं. नकाशेवाला पहिल्यांदा पावसात भिजून दारात येतो, तिथे तुझ्या आईने लिहिलं होतं, ‘फरशी कोण पुसणार?’ ते दोघं पुलावर उभे राहून तासभर काही बोलत नाहीत, त्या पानाला नुसती उभी रेघ होती आणि खाली ‘हे खरं आहे.’ एवढंच. कुठला पूल आणि कुणाबरोबर, ते मला माहीत नाही. माझ्याबरोबर ती कुठे तासभर उभी राहिल्याचं आठवत नाही. मी सतत घड्याळ बघायचो.

मी विचारलं, नवऱ्याबद्दल काही होतं का? कुलुपाच्या पानावर, रस्त्यात उभा राहतो त्या पानावर? बाईंनी आठवून बघितलं. म्हणाल्या, ‘नाही हो. नवऱ्याबद्दल कुठेच काही नव्हतं.’ मग मला आणखी एक बिस्किट दिलं.

जुनी प्रत सापडली. वाचनालयाच्या माळ्यावर रद्दीत द्यायच्या गठ्ठ्यात होती. पाठीची शिवण माझीच, अजून घट्ट आहे. ग्रंथपाल बाई म्हणाल्या, न्या काका, तशीही जाणारच आहे. काल सकाळी टेबल खिडकीशी ओढून बसलो. खोडलं तरी कागदावर दाब राहतो. पान तिरकं धरलं आणि ऊन बाजूने पडलं की चर दिसतात. तुझी आई तर इतका जोर द्यायची की मागच्या बाजूने बोट फिरवलं तरी अक्षर हाताला लागतं. तुझ्या शाळेच्या वहीवर ती सही करायची तेव्हाही पुढची दोन पानं फुकट जायची.

एक मनात येतं ते लिहून टाकतो. आमच्या घरची पुस्तकं परत करायला मीच न्यायचो. वाचनालयातलं पुस्तक शेवटी माझ्या टेबलावर येतं हे तिला माहीत होतं. तिला मुद्दाम मला सांगायचं होतं का? की मी कधी वाचत नाही हेही माहीत होतं, म्हणून बिनधास्त लिहिलं? दोन्ही बाजूंनी विचार करून डोकं दुखायला लागलं.

शेवटच्या पानावरचं मात्र नीट लागलं नाही. चष्म्याचा नंबर वाढला असावा. ऊनही लवकर सरकतं.

खाली नळाचं काम काढलं आहे, दोन दिवस पाणी नाही. बादल्या भरून ठेवल्या आहेत. तू काळजी करू नकोस.

तुझे,
बाबा

दि. २६ फेब्रुवारी

चि. छोटीस,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. पत्र पेटीत टाकलं आणि पेटीपाशीच उभा राहिलो. पोस्टमन आला, त्याला म्हटलं माझं पत्र परत द्या. तो म्हणाला, असं देता येत नाही आजोबा, दुसरं लिहा. म्हणून हे दुसरं.

शेवटच्या पानावरचं मला वाचता आलं होतं. पहिल्याच उन्हात. तुझ्या आईने लिहिलं होतं :

‘हिला मूलबाळ नाही. मग ही परत कशाला आली?’

मी पान मिटलं, जेवायला बसलो, उठलो आणि पुन्हा पान उघडून बघितलं. तेच होतं. मला दुसरं काहीतरी हवं होतं, हे तुला कळलंच असेल. इतके दिवस मी कशाच्या आशेवर होतो? वाटत होतं, कुठेतरी लिहिलेलं असेल की तो माणूस नुसता घाबरट आहे, वाईट नाही. तेवढं मिळालं असतं तरी पुरलं असतं. मिळालं नाही म्हणून मी तुझ्यापासून लपवलं. चष्म्यावर ढकललं. आणि मग रस्त्यात लक्षात आलं की त्या दोन ओळी माझ्यासाठी नाहीतच. त्या तुझ्या आहेत.

आता ते चार दिवस लिहितो. तुला आठवतात. मला माहीत आहे की आठवतात.

आदल्या संध्याकाळी ती मैत्रिणीकडे गेली होती. सातला येते म्हणाली, साडेसात झाले. मी मैत्रिणीच्या इमारतीखाली जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने हाका मारल्या. सगळ्या खिडक्या उघडल्या. ती खाली आली. हे पहिल्यांदा नव्हतं. सकाळी तुझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं, ती तुला ओरडली, तू उलट बोललीस. तू शाळेत गेलीस आणि ती एक बॅग घेऊन गेली. कुठे, ते मला आजही माहीत नाही. लोकांना मी मावशीचं नाव सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तू विचारलंस, आई कधी येणार. मी म्हटलं, ‘तुझ्या असल्या वागण्यामुळे गेली ती.’ नऊ वर्षांच्या मुलीला मी असं म्हटलं. कारण मला खरं कारण माहीत होतं आणि ते अंगावर घ्यायची ताकद नव्हती.

त्या दिवसापासून तू स्वतःचं ताट धुवायला लागलीस. दप्तर रात्रीच भरून दाराशी ठेवायचीस. आवाज चढवायचा नाही, हट्ट करायचा नाही, काही मागायचं नाही. मुलगी एकदम शहाणी झाली म्हणून मी लोकांना कौतुकाने सांगायचो. तुझ्या आईला संशय आला होता. हिला काय झालंय, म्हणून तिने मला दोनदा विचारलं. मी म्हटलं, काही नाही, मोठी होते आहे.

आणि एक राहिलं. पाचव्या दिवशी ती आली तेव्हा किल्लीचं मी नंतर विचारलं. आधी ती बोलली होती. बॅग खाली ठेवायच्या आत म्हणाली, ‘छोटी कुठाय?’ मी म्हटलं शाळेत. तेव्हा कुठे ती बसली.

तेव्हा नीट वाच. तुझी आई तुझ्यामुळे गेली नव्हती. दूध सांडल्यामुळे नाही, उलट बोलल्यामुळे नाही. तिला राहायला दुसरी जागा मिळाली होती की नाही मला ठाऊक नाही, पण मिळाली असती तरी ती आली असती, कारण तू इथे होतीस. हे मी म्हणत नाही, मी म्हटलं तर तू विश्वास ठेवू नकोस. तिने स्वतः लिहिलं आहे. ते पान मी शिवण उसवून अलगद काढलं आहे आणि दोन पुठ्ठ्यांत ठेवून या पत्रासोबत पाठवतो आहे. पुस्तकातून पान काढायचं काम मी आजवर कधी केलं नव्हतं. सकाळच्या उन्हात तिरकं धर. खालच्या समासात, डाव्या कोपऱ्यात. दिसलं नाही तर मागून बोट फिरव.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. रविवारी फोन आलाच, तर मी यातलं काही विचारणार नाही. तू काही बोललीस, रागावलीस, इतक्या वर्षांचं सगळं काढलंस, तर मी मधे बोलणार नाही. सिलिंडरचंही काढणार नाही. नुसता ऐकत राहीन. पलीकडून आवाज आला नाही तर फोन कट झाला असं समजू नकोस.

ती ज्याच्यामुळे गेली होती,
तो तुझा बाबा