काकूच्या होडीचा पिवळा

बाबा,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी डांबराचा वास आला की माझं डोकं फिरतं. रस्त्याचं काम चालू असलं तर मी रिक्षा दुसऱ्या गल्लीतून न्यायला लावते. नवरा म्हणतो, केवढा गं तुझा तोरा! त्याला काय सांगणार, कपाळ? तुम्हाला मात्र आज सांगणार आहे, आणि गोड बोलणार नाही. गोड बोलायची सवय आपल्या घरात कोणालाच नव्हती.

नारळी पौर्णिमेच्या आधी होड्या रंगवायला आलेल्या असायच्या आणि तुम्ही वाळूत उकिडवे बसून, विडी ओढत, एकेक उरकायचात. प्रत्येक घराचा रंग ठरलेला. दुसऱ्याचा रंग कोणी घ्यायचा नाही. होडीवर नावही तुम्हीच घालायचात, पण ते कसंबसं. "नाव वाचूक कोण बसलासा? बायलमाणसा लांबसून रंग बघतत," म्हणायचात. आणि खरंच, होडी नखाएवढी दिसायला लागली की किनाऱ्यावरच्या बायका सांगायच्या, इली, अमकीची होडी इली. उरलेला रंग तुम्ही करवंटीत घालून मला आणून द्यायचात. "घे गो, फुकट जाता." तुम्ही मला दिलेली तेवढी एकच भेट मला आठवते.

अठ्ठ्याण्णव साली मी आठवीत होते. शाळेच्या हस्तलिखितात बाईंनी मला चित्रकथेसाठी आठ पानं दिली होती आणि ते हस्तलिखित कुडाळच्या प्रदर्शनात जाणार होतं. माझी गोष्ट परत न येणाऱ्या होडीची होती. समुद्र राखाडी केला आणि होडी पिवळी, कारण करवंटीत पिवळा होता. पहिल्या चौकटीत ती भली मोठी, मग अर्धी लाटेआड, मग नुसता एक ठिपका, आणि शेवटच्या चौकटीत पिवळा अजिबात नाही. तिथे मी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. आज मी हेच काम करून पोट भरते, पण रंग काढून घेऊन माणसाच्या पोटात गोळा आणायचा, हे मला तेव्हा तेराव्या वर्षी कोणी न शिकवता जमलं होतं. माझी मलाच ऐट वाटत होती.

शेजारची काकू पडवीत आली आणि तिने पानं उलटली. तिला वाचता येत नव्हतं, तिला वाचायची गरजही पडली नाही. तिचा नवरा आणि मुलगा त्या पहाटे त्याच पिवळ्या होडीतून गेले होते. तो पिवळा तिच्याच होडीचा उरलेला. मी माणसांची नावं बदलली होती, चेहरे बदलले होते, आणि रंग तसाच ठेवला होता. काकूने वही मिटली. आईने चहा पुढे केला, तो न घेता ती किनाऱ्याकडे गेली.

दुसऱ्या दिवशी तुम्ही शाळेत येता. एका हातात माझं मनगट, दुसऱ्या हातात होडीच्या बुडाला लावायच्या डांबराचा डबा. सगळा वर्ग बघतोय.

"डोळे फुटले काय गो तुझे? होडी कोणाची ती कळाक नाय?"

"पिवळो तुमीच दिलास," मी म्हणते.

कानाखाली आवाज निघतो. बाई मध्ये पडतात, अहो, उद्या प्रदर्शन आहे, एक पान बदलू या. तुम्ही बाईंकडे बघतसुद्धा नाही. ब्रश माझ्या हातात देता. "पूस. सगळी पानां पूस." आणि मी आठही पानांवर डांबर फासते. रडत, नाक ओढत. मागच्या बाकावर कोणीतरी हसतं. निघताना तुम्ही म्हणता, "बुडणारी होडी कोणाच्याच रंगाची करूची नाय."

काकूची होडी तर आदल्या संध्याकाळीच सुखरूप आली होती. तिला पुढेही कधी काही झालं नाही. बाईंनी मात्र मला पुन्हा पानं दिली नाहीत. दहावीपर्यंत पोरं मला डांबरी म्हणत होती. मी तुमचा द्वेष केला, बाबा. मनापासून, रोज, जेवताना समोर बसून.

पुण्याला गेले, कॉम्प्युटरवर रंग भरायला शिकले. दोन हजार आठच्या श्रावणात माझी पहिली छापील चित्रकथा घेऊन घरी आले, तेव्हा साखरेने तुमचे डोळे जवळजवळ गेलेले होते, उजेड-अंधार तेवढा कळायचा. मला वाईट वाटलं नाही. डोळे फुटले काय, हे तुमचेच शब्द आठवले आणि बरं वाटलं. आईने पुस्तक तुमच्या हातात दिलं. तुम्ही ते नाकाशी नेलंत, हुंगलंत, पानांवरून हात फिरवलात.

"रंग कशे घातलंस गो?"

मी तुमच्याशी ऑफिसातल्या साहेबाशी बोलावं तशी बोलले. "रंग नाहीत. काळंपांढरं आहे."

तुम्ही पानं उलटत राहिलात. एका पानावर थांबलात, मान तिरकी केलीत, पुस्तक डोळ्यांना लावलंत. त्यावर बोट ठेवलंत. "हय... हय पिवळो आसा काय गो?" आवाज असा, की मी तुमचा तो आवाज पूर्वी कधी ऐकला नव्हता.

"नाही," मी म्हटलं. "खिडकीतून उजेड पडलाय."

"बरां," म्हणालात, आणि पुस्तक आईकडे देऊन भिंतीकडे वळलात. दिवाळी तुम्ही बघितली नाहीत.

ते पुस्तक रंगीत होतं, पुन्हा त्याच गोष्टीचं. बुडणारी होडी मी कोणाच्याच रंगाची केली नव्हती. आणि काकूची पिवळी, वर निळा पट्टा असलेली, शेवटच्या पानभर चौकटीत परत येत होती. तो पिवळा जुळवायला मला तीन दिवस लागले. किनाऱ्यावर एक माणूस वाळूत उकिडवा बसून विडी ओढतोय, तोही आहे. त्या दिवशी हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी ते गिळलं, आणि तुम्ही भिंतीकडे वळलात तेव्हा मला मजा वाटली. पुढे ती मजा मला फार महाग पडली, पण त्या दिवशी वाटली हे खरं.

हा कागद कुठे टाकायचा नाही. घडी करून त्याच पुस्तकात, त्याच पानात ठेवते आहे.

खिडकीतून उजेड येत नव्हता, बाबा. पावसाची झड आत येते म्हणून आईने ती सकाळीच लावून घेतली होती. तुमचं बोट होडीवरच होतं.