टाकळी हाजीच्या थांब्यावर

राहू, ता. दौंड
६ जानेवारी २०२५

चि. मोनालीस सगुणाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कंपनीत कामाला असलेली एवढी शिकली-सवरलेली पोरगी आत्याला हातानं पत्र लिवती, लोक हसत असतील. पण काय करू? फोन कानाला लावला की नुसती गिरणी चालू झाल्यावानी वाटतं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून डबीत घालून ठिवलंय. त्यापरीस कागद बरा.

आता कामाचं सांगते. वाचून तुझ्या बापाला सांगत सुटू नकोस. मला आन् भागूला निघोजचं कुंड बघायचंय, ते नदीनं खडकात रांजण कोरल्यात ते. आम्ही दोघी तळेगावच्या लेकी, एका बाकावरच्या, आन् नशिबानं दोघीबी राहूलाच दिल्या. सातवीत असताना शाळेची सहल कुंडावर गेलती. माझ्या बापानं मला सोडलं न्हाई. भागूच्या बापानं तिला सोडलं व्हतं, पण सगुणा न्हाई तर मीबी न्हाई म्हणून ती माझ्यासंगट वट्ट्यावर बसून राह्यली. पन्नासच्या वर वर्षं झाली. गुडघं चालत्यात तवर जाऊन येऊ म्हणतो.

चोरून का, तर तुला ठाऊकच हाय. मागच्या ग्रामपंचायतीला माझा पोरगा जयसिंग आन् तिचा पोरगा सतीश एकाच जागेला उभे व्हते. जयसिंग अकरा मतांनी पडला. तवापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद. चार वर्षं मी भागूच्या आळीला गेले न्हाई. दिवाळीच्या आधी बँकेत केवायसीच्या लायनीत उभी व्हते, तर पुढची बाई वळली आन् माझ्या कानात वरडली की अजून जिती हाईस व्हय. भागूच ती. सगळी बँक बघाय लागली. तवापासून दर सोमवारी आम्ही बँकेच्या पायरीवर बसतो. दोघींच्या घरी वाटतं, पेन्शनीचं काम हाय.

जयसिंगला म्हटलं तर तो गाडी करून दील, पण त्या गाडीत भागू बसायची न्हाई. एसटीत कोण कुणाचं, हे कुणी इचारत न्हाई. तर शिरूरहून गाडी कवा, कुठं उतरायचं, ते नीट लिवून धाड.

सूनबाई सविता बरी हाय, तिच्या हातचे तिळाचे लाडू ठिवलेत तुझ्यासाठी. पाकीट डिंकानं चिकटव.

माया हाय तेवढी असू दे, वरून थोडी गुप्तता ठेव.
तुझी आत्या,
सगुणाबाई


शिरूर
१२ जानेवारी २०२५

ती. आत्यास मोनालीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र कँटीनमध्ये वाचलं आणि एवढी हसले की शेजारचे मिश्राजी जेवण थांबवून 'घर से खुशखबर आयी क्या' म्हणून विचारू लागले. मी म्हटलं, माझी आत्या पळून जाणार आहे, मैत्रिणीबरोबर. ते अजून माझ्याकडे संशयानं बघतात.

स्टँडवर जाऊन चौकशी केली. राहूहून तळेगावपर्यंत जीपनं या, तिथून शिरूरची एसटी. शिरूरहून टाकळी हाजीची गाडी दहा वाजता लागते. टाकळीत उतरलात की कुंडावर जायला वडापच्या, म्हणजे सीट भरली की सुटणाऱ्या जीपा असतात. परतीची गाडी टाकळीहून अडीचला, नंतर एकदम पाचला. अडीचची चुकवू नका. बायकांना अर्धं तिकीट आहे, आधार कार्ड जवळ असू दे. बावीस तारखेला बुधवारी मी अर्धा दिवस सुट्टी टाकते आणि दुपारी स्टँडवर तुमची वाट बघते.

माझ्या अटी मात्र आहेत. भागुबाईंचा फोन आदल्या दिवशी पूर्ण चार्ज करायचा. माझा नंबर चिठ्ठीवर लिहून तू कनवटीला लावायचास. आणि रागावू नकोस, पण एक लिहितेच. ऐकू आलं नाही की तू मान हलवतेस. समोरच्याला वाटतं, आजीला कळलं. मागच्या वेळी लग्नात तू अशीच मान हलवून तीनदा जेवायला बसलीस. प्रवासात तसं करू नकोस. कळलं नाही तर कळलं नाही म्हणावं, त्यात कमीपणा नाही.

जयसिंगदादाला मी काही सांगणार नाही. पण त्यानं समोर येऊन विचारलं तर खोटंही बोलता येणार नाही मला. म्हणून त्यानं विचारू नये एवढीच प्रार्थना.

लाडवांवर आणि तुझ्यावर सारखाच जीव असलेली,
तुझी मोनाली


राहू
२५ जानेवारी २०२५

चि. मोनालीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

त्या दिवशी स्टँडवर तुम्ही सगळे एकदम बोलत व्हता, मला कुणाचं काय ऐकाय आलं न्हाई. तू रडत व्हतीस का रागवत व्हतीस तेबी कळलं न्हाई. म्हणून आता माझ्या बाजूनं काय घडलं ते सगळं लिवते.

जाताना समदं ब्येस झालं. भागूनं खिडकी मला दिली, शिरूरपासून टाकळीपर्यंत मी उसाचे फड आन् कांद्याचे वाफे बघत गेले. कुंड काय सांगू तुला! काळा कातळ, आन् त्यात गोल गोल रांजण, कुणी आतून हात फिरवून घडवल्यावानी गुळगुळीत. आत हिरवं पाणी, वाकून बघितलं तर आभाळ खाली. वर झुलता पूल हाय. त्यावर पाय ठिवला आन् तो हालाय लागला तशी मी मागं फिरले. भागू पुढं जाऊन उभी राह्यली आन् हात पुढं केला. मग गेले. पुलाच्या मधोमध आम्ही दोघी म्हाताऱ्या अशा हसलो की पुण्याच्या एका जोडप्यानं आमचा फोटो काढला. तुझ्या चिठ्ठीवरच्या नंबरावर पाठवतो म्हणाले. कातळावर बसून बाजरीची भाकर, ठेचा आन् हरभऱ्याची भाजी खाल्ली. भागू म्हणाली, सहलीला आले असते तर हे एकटीनं बघितलं असतं.

दोनलाच आम्ही टाकळीच्या थांब्यावर येऊन बसलो. गाडी लागली. भागू म्हणाली, तू जागा धर, मी बाटली भरून आले. एवढं मला ऐकू आलं. मी चढले, शेजारी पिशवी ठिवली. कंडक्टर आला, माझ्याकडं बघून काहीतरी इचारलं. आन् मोनाली, तू लिवलं व्हतंस, तरी मी मान हलवली. आता कळतंय, त्यानं इचारलं असंल की बरोबरची बाई आली का. त्याचा काय दोष? गाडी सुटली.

मला वाटलं, भागूला पुढं जागा मिळाली. गर्दी व्हती. बरंच लांब गेल्यावर मी उठून बघितलं तर भागू कुठंच न्हाई. मी वरडले. लोकं कानाशी वरडून सांगत व्हती, आजी बसा, पुढच्या थांब्यावरनं फोन करू. मी बसले न्हाई. गाडी थांबवायला लावली आन् रस्त्याच्या मधीच उतरले. कंडक्टर भला, तो माझा हात सोडंना. पण मी उतरलेच.

ऊन डोक्यावर, रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या. मी उलटी चालाय लागले. माझ्या मनात एकच येत व्हतं, की भागूनं मागनं किती हाका मारल्या असतील, आन् मी सरळ पुढं बघून चालले असंन.

अर्ध्या कोसावर समोरनं ती येताना दिसली. पदर खोचलेला, हातात भरलेली बाटली. तीबी गाडीच्या मागं चालतच निघाली व्हती. मला वाटलं गळ्यात पडंल. तर ती लांबच उभी राह्यली आन् बोलाय लागली. वरडूनच बोलावं लागतं मला, म्हणून वरडून. इतकं घरातलं बोलणं, आन् एक ट्रॉलीवाला इंजिन बंद करून ऐकत बसला.

ती म्हणाली, आज तुला ऐकू आलं न्हाई, ते मी समजू शकते. पण चार वर्षांमागं जयसिंग म्हणाला की सतीशच्या दारात पाय ठेवायचा न्हाई, तवा तर तुझे कान चांगले व्हते सगुणे. तवाबी तू मान हलवलीस. माझी नात झाली, तू आली न्हाईस. माझा मालक गेला, तू मातीला आली न्हाईस. लांबनं बांधावर उभी व्हतीस. मी बघितलं तुला.

मोनाली, मी काय सांगू तिला? खरंच व्हतं. त्या दिवशी मी बांधावरनं घरी आले आन् चुलीम्होरं बसले, एवढंच केलं. मी तिला म्हटलं, चुकलं भागू. जयसिंगचं चुकलं आसं न्हाई, माझं चुकलं. ती म्हणाली, मोठ्यानं म्हण. मी म्हटलं, बहिरी मी हाय का तू? तवा ती हसली, आन् मग रडली. ट्रॉलीवाल्यानं आम्हाला दोघींना वर बसवून टाकळीला परत आणून सोडलं. पाचची गाडी धरली. त्या गाडीत तिनं माझा पदर तिच्या पदराला गाठ मारून ठिवला व्हता.

पुढचं तुला म्हाईत. घरी आल्यापासून जयसिंग माझ्याशी बोलत न्हाई. का बोलतोय आन् मला ऐकू येत न्हाई, देव जाणे. तिकडं आमच्या दोघींच्या पोरांचं काय झालं, ते तू लिव.

राग असंल तर पत्रात घाल, अबोला धरू नकोस.
आत्या


शिरूर
३१ जानेवारी २०२५

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

रडतही होते आणि रागावतही होते. दोन्ही तुझ्यासाठीच. आता ऐक.

बस सुटल्यावर भागुबाईंनी आधी सतीशदादाला फोन लावला. तो त्या वेळी ऊस तोडणीवर होता. तू आणि त्याची आई कुठे आहात, हे ऐकून त्याला आधी काही समजेना. कारण त्याची आई त्याच्या हिशोबानं बँकेत होती. मग तो जयसिंगदादाच्या गोठ्यापर्यंत आला. घरात गेला नाही, बाहेर उभा राहून सविता वहिनीला म्हणाला की दादांना बोलवा, त्यांच्या आई हरवल्यात. सविता वहिनीनं मला हे नंतर फोनवर सांगितलं.

दादाची गाडी दुरुस्तीला टाकलेली. म्हणून तो सतीशदादाच्या मोटारसायकलवर मागे बसला. आत्या, राहूपासून शिरूरपर्यंत! वाटेत तुला कुठं शोधायचं, यापलीकडे दोघांनी एक शब्द काढला नाही म्हणे. मी त्यांना स्टँडवर एकत्र उतरताना पाहिलं आणि क्षणभर मला वाटलं, काहीतरी वाईट झालंय. नाहीतर हे दोघं एका गाडीवर कसे?

लगेचच भागुबाईंचा फोन आला की तू सापडलीस आणि पाचच्या गाडीनं येताय. मग तास-दीड तास आम्ही तिघं त्या बाकावर. दोघांच्या मध्ये मी. आधी दोघंही माझ्यावरच खेकसले, तुला सगळं माहीत होतं म्हणून. मी म्हटलं, हो, माहीत होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही जाऊ दिलं असतं का? थोड्या वेळानं जयसिंगदादा माझ्याकडे बघतच म्हणाला की तुझ्या सतीशदादाला सांग, त्याचे वडील गेले तेव्हा मला यायचं होतं. सतीशदादा माझ्याकडे बघत म्हणाला, मग यायचं होतं. मी उठून जागा बदलली आणि टोकाला जाऊन बसले. पण मध्ये सरकून बसायला कुणी तयार होईना. मधली जागा तशीच रिकामी राहिली.

तेवढ्यात तुमची गाडी आली आणि पदराला पदर बांधलेल्या तुम्ही दोघी दारातून उतरेनात, कारण गाठ सुटत नव्हती. तेव्हा ती सोडायला दोघं एकदम पुढे धावले.

फोटो आला आहे. दोन प्रती काढून पाठवते, एक भागुबाईंना दे. तुझ्या हातानंच दे, आणि बँकेच्या पायरीवर नको, त्यांच्या घरी जाऊन दे. लहान तोंडी मोठा घास झाला तर क्षमा कर.

कान सोडून तुझं सगळं काही आवडणारी,
मोनाली


राहू
१६ एप्रिल २०२५

चि. मोनालीस भागुबाईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

मी तुला कधी पत्र लिवलं न्हाई, पण सगुणा म्हणाली की ह्या खेपेला तू लिव, मला लाज वाटते. म्हणून लिवते. चुका असतील, सांभाळून घे.

फोटो सगुणानं फेब्रुवारीतच आणून दिला. तवा सांजचं, पाठीमागच्या वाटेनं आली व्हती. अशी चोरून आली, ते मला बरं वाटलं न्हाई. फोटो घेतला, चहा पाजला, बोळवली. तीबी समजली. दोन सोमवार बँकेत आली न्हाई.

मग परवा चौदा तारखेला आमच्याकडं जयंतीची मिरवणूक. सकाळी वंदना झाली, बाया-पोरं नवी लुगडी-कापडं घालून दारात. तवा पुढच्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत, सगुणा आली. डोक्यावर पाटी, पाटीत पुरणपोळ्या, वरनं धुतलेला पंचा. इतक्या पोळ्या की सविताचीबी रात्र गेली असंल. सतीशच्या बायकोला म्हणाली, तुझी पोर झाली तवा मी आले न्हाई, हे तिच्यासाठी. मग माझ्या मालकाच्या फोटोपुढं जाऊन बसली. लई वेळ बसली. कुणी तिला उठवलं न्हाई. मी जवळ जाऊन बसले. आमच्यात आता बोलायचं उरलं न्हाई त्याबद्दल.

तिला सोडाय जयसिंग आलता. आळीच्या तोंडाशी मोटारसायकल उभी करून तिथंच थांबला व्हता. सतीशनं बघितलं. दोघांचे पॅनल अजून येगळेच हायेत बरं का, पुढच्या निवडणुकीलाबी येगळेच राहतील, मला त्याची आशा न्हाई. पण सतीश कप घेऊन तिथवर गेला. जयसिंगनं उभ्यानंच चहा घेतला. मग कप द्यायला म्हणून दारापर्यंत आला.

मी म्हटलं, आत ये, बस. तो म्हणाला, आज न्हाई, मावशी.

लहानपणी माझ्या पाटीत बसून रानात जायचा, तवा म्हणायचा तसं म्हणाला. चार वर्षांनी. पोरी, सगुणावानी मलाबी त्यातलं फकस्त 'मावशी' ऐकू आलं. पुढचं-मागचं काय म्हणाला, कुणास ठाऊक.

पावसाळा सरला की आमचा दोघींचा सिद्धटेकला जायचा बेत हाय. दौंडवरनं गाड्या कशा हायेत, तेवढं कळव. आमच्यावर लक्ष असू दे, पण फार न्हाई.

तुझ्या आत्याची मैत्रीण,
भागुबाई