बिनअधिभाराचं तिकीट

तीर्थस्वरूप दाजींना, गुडघे परवानगी देतात तेवढं वाकून (उरलेलं मनातल्या मनात) नमस्कार.

इकडे आम्ही दोघं ठीक. माझं ब्लडप्रेशर, हिचा खोकला आणि शेजाऱ्यांचा कुत्रा, तिघंही आपापल्या वेळेला उठतात आणि आपापल्या वेळेला बसतात. तुमची कंबर कशी आहे? अक्काच्या डोळ्यात औषध कोण घालतं? आणि तुमची गाडी कशी आहे? बॅटरी धरते ना? लांबच्या रस्त्याला इंजिन तापत तर नाही? (सहज विचारतो. गाडीलाही वय असतंच.)

पत्राला कारण असं की मी जिंकलो. आमची दोघांची विमानाची तिकिटं कपाटात टॉवेलांखाली आहेत आणि थोड्या थोड्या वेळाने मी ती जागेवर आहेत का ते पाहून येतो. एक डोळा गेला, दुसऱ्याचं डॉक्टर खात्रीने बोलत नाहीत, तू आता कशाला येतोस, आवाज ऐकू येतो तेवढा पुरे, असं अक्का फोनवर म्हणाली, तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता. मला शाळेत सोडणारी ती, आणि मी पळून आलो की कान धरून परत नेणारीही तीच (चौथीपर्यंत पोचलो तो तिच्या हाताच्या जोरावर). तिला दिसतंय तोवर तिला माझं तोंड दाखवायचंच, मग ते कसंही असो, एवढंच डोक्यात बसलं होतं.

अडचण भाड्याची. तेव्हा चिरंजीव म्हणाले की त्यांच्याकडे मैल साठलेत. तो कारखान्यांत मशिनं बसवायला विमानाने हिंडतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. जितकं हिंडेल तितके मैल विमान कंपनी त्याच्या नावावर जमा करते आणि त्यांच्या बदल्यात तिकीट देते, तेही फुकट. ही म्हणाली, "एवढे साठवलेस ते ठेवलेस कुठे? आधीच माळ्यावर जागा नाही." माझी शंका वेगळी. तो गेला तितका परतही आला, मग वजाबाकी होऊन हातात राहिलं काय? तर म्हणे जातानाचे आणि येतानाचे दोन्ही धरतात. इतका उदार हिशेब मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हाच मनात पाल चुकचुकली.

आणि झालंही तसंच. कॉम्प्युटरवर तिकिटाची किंमत शून्य, पण त्याखाली बारीक अक्षरांत 'इंधन अधिभार' म्हणून असा आकडा, की त्यात नेहमीचं तिकीट विकत घेऊन वर चहा प्यावा. चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. "बाबा, हे फुकट फार महागात पडतंय. राहू द्या."

तो उठून गेला, मी उठलो नाही. दाजी, मी नोकरी केली ती ट्रकच्या वजनकाट्यावर. आधी रिकामी गाडी काट्यावर घ्यायची, मग भरलेली, दोन्हींतला फरक तो माल. भार म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको. अधिभार म्हणजे अधिक भार, आणि भार जास्त तर विमानाला तेल जास्त. म्हणजे चूक कंपनीची नव्हतीच, आमची होती. (विशेषतः हिची, पण ते मी लगेच बोललो नाही. जेवण झाल्यावर बोललो.) त्यावर ही म्हणाली, "इतकी वर्षं हा संसार माझ्या खांद्यावर होता तेव्हा भाराची आठवण झाली नाही वाटतं?" पुढचं लिहीत नाही, अक्का हे पत्र तुमच्याकडून वाचून घेणार.

तरी कामाला लागलो. औषधांच्या दुकानातल्या काट्यावर दोघं चढलो. साखर बंद, रात्रीचं जेवण निम्मं, आणि कारण नसताना जिना चढायचा आणि उतरायचा (खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला वाटलं माझं काही हरवलंय, तीही बिचारी शोधायला लागली). बॅग आधी रिकामी काट्यावर घेतली, मग भरलेली. जाड बूट बाद झाले. हिने अक्कासाठी लोकरीचा स्वेटर विणायला घेतला होता, तो हातात तोलून पाहिला आणि म्हटलं, बाह्या नकोत. झालं, घरात अबोला. शेवटी बिनबाह्यांचा विणला, पण उरलेली लोकर माझी पाठ वळताच बॅगेच्या तळाशी कोंबली. बाह्या तिथे बसून निवांत विणीन म्हणते.

पँट कमरेवरून घसरायला लागली तेव्हा चिरंजीवांना म्हटलं, आता बघ. त्याने बघितलं, तर अधिभार वाढलेला! मी घटलो आणि भार वाढला? नोकरीत असतो तर असल्या काट्याला मी टाळं ठोकलं असतं.

मग तो कामावर गेल्यावर मीच कंपनीला फोन लावला. बराच वेळ वाद्यं वाजली (न जाणो, राष्ट्रगीत असायचं, म्हणून मी उभं राहून ऐकली) आणि मग एक मुलगी बोलायला आली. तिला मी सगळं सविस्तर सांगितलं. आम्ही दोघांनी वजन उतरवलंय, हिने जरा कमी, पण कसूर केली नाही. पुन्हा काट्यावर घ्यायचं असेल तर येतो, पण अधिभार कमी करा. पलीकडे खुसखुस. मग म्हणाली, "आजोबा, एवढा खटाटोप करून जायचंय कुणाकडे?" मी अक्काच्या डोळ्याचं सांगितलं आणि तिचं हसू थांबलं. तिने नीट समजावलं, की याचा माणसाच्या वजनाशी काही संबंध नाही. तेल महागलं की कंपन्या तिकिटावर हा पैसा लावतात, पण सगळ्या कंपन्या लावत नाहीत. तेच मैल त्यांच्या एका जोडीदार कंपनीच्या विमानातही चालतात आणि ती अधिभार घेतच नाही, किरकोळ कर तेवढा भरायचा. वाटेत विमान बदलावं लागतं आणि उतरायचं थोडं इकडेतिकडे होतं, बस. (इकडेतिकडेचं पुढे लिहितो.) फोन ठेवताना म्हणाली, "आणि आजोबा, आता पोटभर जेवा." मी त्या दिवशी जेवलो, दाजी.

संध्याकाळी चिरंजीवांनी तिकिटं काढली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. म्हणाले, "तुम्हाला हे कळलं कसं?" म्हटलं, "विचारलं." ही जिन्याजिन्यात सांगत सुटलीय की यांनी विमान कंपनीला वाकवलं. मी नको म्हणत नाही. आता काळज्या उरल्यात त्या बारीकसारीक. वाटेतलं दुसरं विमान आमच्यासाठी थांबेल का, आणि कानात कापूस घातला तर उतरा म्हटलेलं ऐकू कसं येणार, एवढंच.

तुमचा मेहुणा
(अक्काचा काट्या)

ता. क. इकडेतिकडेचं राहिलं. हे विमान तुमच्या गावी उतरत नाही, पुढच्या मोठ्या शहरात उतरतं. तिथून सकाळी मोटारीने निघालं तर तुमच्याकडे दुपारच्या जेवणाला पोचता येतं. बॅटरीचं मी उगाच विचारलं नव्हतं. टाकी भरून या.

आणखी एक ता. क. चिरंजीवांनी पत्र वाचलं. म्हणतात, दाजींच्या गाडीचं जाऊन-येऊन तेल धरलं तर अधिभार काही फारसा वाचला नाही. मी म्हटलं, कंपनी परकी आहे, दाजी घरचे आहेत. तो पाकिटाला डिंक लावायला लागला.

शेवटचा ता. क. अक्काला बरोबर आणा, पुढच्या सीटवर बसवून. आणि दाजी, मैल जाण्यापुरतेच पुरले. परतीचे साठायला चिरंजीवांना अजून बरीच मशिनं बसवावी लागतील, आणि सध्या कारखान्यांत मंदी आहे. तेव्हा अक्काला सांगा, घाई नाही. सावकाश बघ म्हणावं.