प्रयोगशाळेमागची थोटकं

४ ऑगस्ट, सोमवार
शाळेत बॉम्ब फुटला. प्रयोगशाळेमागच्या कुंड्यांत माळ्याला सिगारेटची एकतीस थोटकं सापडली. मोठ्या बाईंनी ती डब्यात भरून टेबलावर ठेवली आहेत. नववी-दहावीची कार्टी, दुसरं कोण! मी तिथे ओढतो खरा, पण माझी थोटकं मातीत खोल पुरतो. बहुतेक वेळा. शिवाय मी सोडल्यातच जमा आहे.

ब्रँड माझाच निघाला. पोरांची आवड वाईट नाही.

५ ऑगस्ट
दक्षता समिती नेमली. बाई, विज्ञानाचे सर आणि मी. लॅब असिस्टंटला कुणी उगाच समितीत घेत नाही. शुक्रवारी ‘सिगारेट सुरूच का करू नये’ यावर मुलांपुढे दहा मिनिटं बोलायचंय. सर म्हणाले, या विषयातला तुमच्याइतका अनुभव कुणाला आहे? अठरा वर्षांच्या नोकरीची कुणीतरी कदर केली.

घरी सांगितलं. ही म्हणाली, लोका सांगे ब्रह्मज्ञान. घर की मुर्गी, दुसरं काय. चिरंजीव आमच्याच शाळेत नववीत. शेजारीच जेवत होता. म्हटलं, बाबा रे, तुझ्याचसाठी बोलणार आहे. आठशे मीटर पळतो. २० तारखेला निवड चाचणी. त्याला पळताना बघून ऊर भरून येतो.

६ ऑगस्ट
भाषणाचे मुद्दे. एक: दम लागतो. दोन: दात पिवळे पडतात. तीन: सवय सुटत नाही (फक्त कमकुवत मनाच्या लोकांची). चार: बायको तोंड फिरवते. चौथा खोडला, मुलांना लागू नाही.
पाचवा सुचेना. मागे जाऊन एक ओढली. लगेच सुचला: एकाग्रता होत नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार
भाषण झकास. मध्ये दोनदा खोकला आला, पण त्याने प्रभावच पडला. मग सरांनी उलट्या बरणीचा प्रयोग मांडला. नळीतून फुंकायचं, बरणीतलं पाणी जेवढं खाली जाईल तेवढी छातीची ताकद. सहावीतल्या एका काडीपैलवान मुलीने दोन लिटर फुंकलं. चिरंजीवाने चार. टाळ्या. मग सरांना काय हुक्की आली, मला बोलावलं. सव्वा लिटर. नळी गळत होती. बदलली. एक लिटर. म्हणजे बरणीतच दोष. मुलं हसून लोळली. चिरंजीव तेवढा हसला नाही. त्याला विनोदबुद्धी कमीच.
नंतर मागे जाऊन तीन ओढल्या. अपमान गिळायचा म्हणजे काहीतरी लागतंच.

९ ऑगस्ट
कुंडीत तीन ताजी थोटकं! एवढं घसा फोडून सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी. पण बाईंचा संशय आता स्टाफवर. सोमवारी सगळ्यांचे ड्रॉवर, पिशव्या, खिसे तपासणार. सापडेल तो घरी जाईल, कायमचा.

रात्री जेवताना सांगितलं. ही म्हणाली, नोकरी गेली तर खायचं काय? म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला! हातातला पेला सांडला. चिरंजीवाने उठून पाणी पुसलं.

११ ऑगस्ट, सोमवार
मला भोवळच आली. तपासणी सुरू व्हायच्या आधीच चिरंजीव बाईंकडे गेला आणि म्हणाला, थोटकं माझी आहेत. सगळी. बाईंनी विचारलं, रोज किती? म्हणाला, सात. अगदी माझ्याइतक्याच! कुणाकडून शिकलास, तर गप्प.

माझ्या घरात हे! दिव्याखाली अंधार. तपासणी रद्द झाली, एवढंच काय ते बरं झालं.

१२ ऑगस्ट
चिरंजीवाला महिनाभर शाळा बंद. धावण्याच्या संघातून नाव कमी. निकालाच्या कागदावर माझ्या दोन सह्या: समिती सदस्य म्हणून एक, पालक म्हणून एक. बाई म्हणाल्या, तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसावर अशी वेळ यावी! मला रडू आलं, अगदी खरं. सर माझ्याकडे बराच वेळ बघत होते. सहानुभूती असणार. माळीही बघत होता, पण तो मुळातच खडूस.

१४ ऑगस्ट
ही माझ्याशी बोलत नाही. पोराच्या मात्र डोक्यावरून हात फिरवते. लाडानेच बिघडतात. मी त्याला फैलावर घेतलं. घराण्याचं नाव, आईबापांचे कष्ट, सगळं काढलं. त्याने ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, तुम्ही आता सोडलीत ना? म्हटलं, केव्हाच! उलट बापालाच प्रश्न.
नवी जागा पाहिली. शाळेच्या पाण्याच्या टाकीमागे. तिकडे कुंड्या नाहीत.

२० ऑगस्ट
चाचणी झाली. पहिला आलेल्या मुलाची वेळ चिरंजीवाच्या रोजच्या वेळेपेक्षा चार सेकंद जास्त. ऐकून हा आत गेला आणि दार लावून घेतलं. ही बाहेर बसून रडली. व्यसनापायी माणूस काय काय घालवून बसतो! पुढच्या भाषणात हा मुद्दा घेतलाच पाहिजे.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
घरच्या गच्चीवर ओढत होतो. चिरंजीव वर आला. टाकीला टेकून बसला. मी विझवायला गेलो, तर म्हणाला, राहू द्या. मग म्हणाला, एक द्या. म्हटलं, लाज नाही वाटत? म्हणाला, सगळे मला ओढणारा म्हणतातच, आणि पळायचं तर आता नाहीच आहे.

कानाखाली द्यायला हवी होती. सिगारेट दिली.

उलटी धरली होती. मी सरळ करून दिली. धूर गालातच कोंडून बसला, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत खोकला. पहिलीच होती. आंधळ्यालाही कळलं असतं.
आत कसा ओढायचा, ते मी दाखवलं.