चुंबक न फिरवलेली माती

प्रिय लुडी,

तुझं घर माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि हे पत्र पेटीत टाकायला जायचं तर तुझ्या दारावरूनच जावं लागणार. तरी लिहितोय. समोर बसलो की मी बर्फ किती पडला ते बोलतो, तू कॉफी ओततोस, आणि मी जसा आलो तसा परत जातो. गेले पाच महिने हेच चाललंय. मार्लिस म्हणते, "तिकडे मिठाची गुळणी धरून बसतोस आणि घरी येऊन माझ्यावर डाफरतोस." बायको म्हणून तिला जेवढं कळायला हवं त्याहून जास्तच कळतं तिला. पण हे तिलाही काल रात्रीपर्यंत सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी जनीन येणार आणि तू तिच्या कागदांवर सही करणार. घर विकायचं, तू दुलुथला त्या वृद्धाश्रमात जायचं. मुलीनं मागं लागावं आणि बापानं हट्टानं नाही म्हणावं, असं झालं असतं तर मला निदान तुझी बाजू घेऊन भांडता आलं असतं. पण तू स्वतःच तयार झालायस. क्लबातला व्हर्न सांगत होता, तू नाश्त्याच्या टेबलावर सगळ्यांदेखत म्हणालास, "माझं डोकं गेलंय रे. तीन इंजिनं जाळली, उद्या घर जाळेन." व्हर्नला यात गंमत वाटली. मी समोरची अंडी तशीच टाकून उठलो. त्या तीन इंजिनांबद्दलच लिहायचंय. जरा वळसा घेऊन येतो, मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही हे तुला बावीस वर्षांत कळलंच असेल.

बावीस वर्षं झाली, नाही का, आपण क्लबासाठी ते चर्चचं तळघर भाड्यानं घेतलं त्याला? तू म्हणालास, खाणीनं गिळलेलं उत्तरेकडचं गाव टेबलावर परत उभं करू, चिमुकल्या आगगाड्यांसकट, एकोणीसशे त्रेपन्नच्या उन्हाळ्यातलं, तुमची गल्ली धरून. खाली वायरी तुझ्या, वर डोंगर माझे. तू टेबलाखाली उताणा पडून म्हणायचास, "मी पाताळात राबतोय आणि हा वर देव होऊन झाडं लावतोय." पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणायची, तिच्यावर प्लॅस्टरचं ओलं कापड अंथरायचं, वाळलं की खडक कोरायचे. झाडांसाठी सप्टेंबरात रस्त्याकडेचं वाळकं तण पोतंभर गोळा करायचं आणि मार्लिसचा केसांचा फवारा मारून त्यावर हिरवा भुसा चिकटवायचा. ती दुकानात नवा डबा घेताना म्हणायची, "माझ्या डोक्यावर नाही, नवऱ्याच्या जंगलावर खर्च होतो." तुझ्या अँजेलानं तुमच्या घराच्या चिमुकल्या खिडक्यांना स्वतः पडदे लावले होते. ती गेली त्या वर्षी तू सहा महिने आला नाहीस आणि मी त्या गल्लीत काडीही हलवली नाही. तुझ्यासाठी एवढं तरी मी नीट केलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात उरलं होतं ते खनिज भरायचं फलाट आणि त्याभोवतीची माती. विकतची लाल पूड टाकून बघितली. टोमॅटोचं सूप सांडल्यासारखी दिसली. आपल्या इथली माती दुकानात मिळत नाही, तिच्यात लाल आहे, काळं आहे आणि उन्हात चमकणारं काहीतरी आहे. मग मी जुन्या खाणीच्या कुंपणापलीकडच्या ढिगाऱ्यातून दोन बादल्या भरून आणल्या. पीठ चाळायच्या चाळणीनं चाळल्या, किडे मरावेत म्हणून ओव्हनमध्ये भाजल्या. मार्लिस ओरडली, "माझ्या पेस्टीच्या तव्यात खाण भाजतोयस!" त्या आठवड्यात आमच्या मांस-बटाटा भरलेल्या पेस्टी दाताखाली कचकचत होत्या.

पुढचं पाऊल तुला माहीत आहे, क्लबात पोरासोरांना माहीत आहे. रुळांजवळ खरी माती टाकायची तर आधी तिच्यावरून चुंबक फिरवायचं. इंजिनाच्या मोटरीत चुंबक असतं, ते मातीतले लोखंडाचे कण ओढून घेतं आणि मोटर अडकून जळते. आणि आपली माती म्हणजे निम्मं लोखंडच, बापजाद्यांनी पोट भरलं ते त्याच्यावर. मी पहिल्या बादलीवरून चुंबक फिरवलं. त्याला ही एवढी काळी दाढी आली. आणि तव्यात राहिलं ते फिकं गुलाबी, बायकांच्या पावडरीच्या डबीसारखं. काळं गेलं, चमक गेली, मातीतला जीवच गेला. तीन वेळा भाजून बघितलं, रंग आला नाही.

दुसऱ्या बादलीतली मूठभर माती मी फळीवर तशीच पसरून ठेवली होती, नुसती तुलना करायला. नेमका तेव्हा तू आलास. टोपी न काढता उभा राहिलास. मग म्हणालास, "ओन्नी, हीच. आईनं पांढऱ्या चादरी वाळत घातल्या की संध्याकाळी गुलाबी व्हायच्या. ती शिव्या द्यायची आणि पुन्हा धुवायची. हीच माती रे ती." आणि तू डोळे पुसलेस. तू, ज्यानं अँजेलाच्या वेळीसुद्धा सगळ्यांसमोर नाक शिंकरून वेळ मारून नेली. बावीस वर्षं मी लोकांना डोंगर दाखवतोय, "छान छान" सगळे म्हणतात. पण असं मला कधी कुणी काही म्हणालं नव्हतं. तिच्यावरून अजून चुंबक फिरवलेलं नाही, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. हावरट झालो होतो, दुसरं काय.

स्वतःला समजावलं की ही माती रुळांपासून वीतभर लांबच टाकायची आणि गोंदानं पक्की करायची. पण गोंदाचं पाणी पडलं की माती चिखलासारखी काळवंडते. म्हणून वरून एक कोरडा थर भुरभुरला. फलाट तेवढंच ओकंबोकं दिसायला लागलं, मग फलाटापर्यंत आणली. मग रुळांच्या मधेही थोडी. गावकरी बघायला यायच्या आदल्या दुपारपर्यंत मी तुझ्या रुळांवर आख्खी खाण सांडली होती.

ऑक्टोबरातला तो शनिवार तुला सांगायला नको. आधी व्हर्नचं इंजिन फलाटापाशी कण्हलं आणि थांबलं. तासाभरानं क्लबाचं. मग तू तुझं काढलंस, पितळेचे पत्रे कापून दोन हिवाळे खपून केलेलं, कारण एवढे लोक आलेत आणि गाडी उभी कशी ठेवायची. त्यातून धूर आला तेव्हा लहान मुलांना वाटलं ती खरीखुरी वाफ आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्न ओरडला, "काय रे लुडी, खाणीत तीस वर्षं वीज अशीच सांभाळलीस काय?" सगळे हसले. मीही हसलो. हसता हसता मला दिसत होतं, तिन्ही एकाच ठिकाणी थांबली होती आणि ते ठिकाण माझं होतं.

मग तू तीन आठवडे टेबलाखाली. ऐंशीला टेकलेला माणूस, थंडगार फरशीवर पाठ टेकून, तोंडात टॉर्च. आणि एक दिवस तू बाहेर आलास, हातात एक वायर. "हे बघ, लाल हवी तिथे काळी. वायरीला लावलेल्या चिठ्ठीवर अक्षर माझं आहे. मीच जोडलीय, आणि मला आठवतच नाही." लुडी, ती वायर दिव्यांची होती. गल्लीतल्या दिव्यांची. तिचा इंजिनांशी काडीचा संबंध नव्हता. मला विजेतलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं मलाही कळत होतं, आणि तुझा चेहरा पडला नसता तर तुलाही कळलं असतं. तू माझ्याकडे बघत होतास. मी काही म्हणावं म्हणून. आणि मी काय म्हणालो? "वयानं होतं असं." तुझ्या पाठीवर थापसुद्धा मारली. तू तळघराची किल्ली काढून टेबलावर ठेवलीस, आणि मी ती उचलून खिशात टाकली.

डिसेंबरात एका दुपारी मी एकटाच गेलो. तुझं इंजिन दुरुस्त करून नाताळाला तुझ्या दारात ठेवायचं, असं मनात होतं. उघडलं. मोटरीच्या चुंबकाला काळी दाढी आली होती, तीच, माझ्या तव्यातली. बाकीची दोन उघडली. तेच. आता तरी शंका नको म्हणून वायरी तपासायला तालुक्याहून माणूसही आणला, व्हर्नला न सांगता. तो म्हणाला, "ज्यानं हे केलंय त्याला सांगा, एवढं नीटनेटकं काम मी बघितलेलं नाही." हे मी तुला सांगायला हवं होतं, त्याच मिनिटाला, पळत येऊन. त्याऐवजी मी झाडून माती काढली, उरलेली व्हॅक्यूमनं ओढून घेतली, आणि तिथं ती फिकी गुलाबी टाकली. तेव्हापासून सगळ्या गाड्या गुण्यागोविंदानं धावतात. क्लबात लोक काय म्हणतात ठाऊक आहे? "लुडी गेला आणि गाड्या सुधारल्या." मी तिथंच उभा असतो. एका झाडाला भुसा चिकटवत.

आता तुझ्या पातेल्याचं. हो, तू पातेलं गॅसवर विसरलास, आणि एकदा गाडीच्या किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवल्यास. मी याच हिवाळ्यात दोन पातेली जाळली, मार्लिसला विचार. माझ्या मुलांना कुणी फोन केला नाही, कारण माझ्या नावावर जळलेली इंजिनं नाहीत. जनीनच्या मनात पातेल्यानं जे आलं असेल ते आलं असतं आणि गेलं असतं. तिला घोर लागला तो इंजिनांचा. "ज्या कामात बाबांचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तेच गेलं," असं म्हणून ती माझ्या स्वयंपाकघरात बसून रडली. मी तिला रुमाल दिला. तोही तिच्या हातात ठेवताना मला माझी लाज वाटली.

आणि मग कालचा रविवार. तू तुझा वीज मोजायचा मीटर घेऊन आलास, चामड्याच्या पाकिटातला, ज्याला तू मलाही कधी हात लावू दिला नाहीस. म्हणालास, "तू ठेव. तिकडे मला काय करायचाय." दारात वळून वर हेही म्हणालास, "तू माझी लाज राखलीस, ओन्नी. दुसरा कुणी असता तर गावभर केलं असतं." मी "चल, काहीतरीच" म्हणालो. तू गेलास, आणि मी बुटांच्या बाकावर बसलो तो मार्लिस उठवायला येईपर्यंत. मग तिला मातीचं सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "त्या माणसानं स्वतःचं घर सोडायला घेतलंय, आणि तुला तुझी माती प्यारी?"

तिलाही एक गोष्ट सांगायची हिंमत झाली नाही, ती तुला सांगतो, कारण हे पत्र त्यासाठीच आहे. फेब्रुवारीत जनीन रडली तेव्हा नुसती रडायला आली नव्हती. डॉक्टरांना जवळच्या कुणीतरी लिहून दिलेलं हवं होतं, वडिलांमध्ये काय फरक दिसला ते. "तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं," ती म्हणाली. आणि मी लिहून दिलं, लुडी. डिसेंबरात सगळं डोळ्यांनी बघितल्यानंतर. पानभर. चुकीच्या वायरी जोडल्यानं तीन इंजिनं जळाली, स्वतः काय केलं ते आठवत नाही, हाताला पूर्वीचं काम जमत नाही, खाली माझी सही. तुझं भलंच होतंय असं म्हणत लिहिलं, पण खरं म्हणजे दुसरं काही लिहायचं तर माती लिहावी लागली असती. डॉक्टरांनी तुला जो कागद वाचून दाखवला आणि नाव सांगितलं नाही, जो ऐकून तू म्हणालास की माझ्या चांगल्यासाठीच कुणीतरी खरं लिहिलंय, तो माझा. याच पत्राच्या दोन नकला मी आज जनीनला आणि डॉक्टरांना पाठवतोय, त्या वायरी तपासणाऱ्या माणसाच्या कागदासकट. क्लबात उद्या मंगळवारी उभा राहून सांगणार आहे, व्हर्नसमोर. तू माझं तोंड बघू नकोस, दार लावून घे, तो तुझा हक्क आहे. पण वायरी तू बरोबर जोडल्या होत्यास, सगळ्या. शुक्रवारी सही करू नकोस.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
ओन्नी