कानामागचा लाल चट्टा

शुक्रवार, संध्याकाळ

जिंकले! कालपासून जीव टांगणीला लागला होता.

काल पार्लरमध्ये नवरी आली, लॅशेस, म्हणजे खोट्या पापण्या, आत्ताच लावून हव्या होत्या. मी नकार दिला. कानामागे त्या चिकटवायच्या ग्लूचा ठिपका लावला, म्हटलं, अंगावर उठतो का ते उद्या बघू. सोबत आलेली तिची आत्या कडाडली, "पापण्या डोळ्याला लावायच्यात का कानाला? चिखलीत काय तुझं एकच पार्लर हाय?" गेलं गिऱ्हाईक, असंच वाटलं. फार ताणलं का मी?

आज दोघी परत आल्या. नवरीच्या कानामागे लालभडक चट्टा! तोच चट्टा डोळ्यांवर उठला असता तर? मांडवात सुजलेले डोळे... नकोच. लॅशेस रद्द केल्या.

मग आत्या स्वतःच खुर्चीत बसली, केस बाजूला सारले आणि म्हणाली, "मला लावायच्यात. आधी कानाला लाव."